शस्त्रक्रियेनंतर उशिरा येणारे चेहऱ्याचे लुळेपण : डोळ्याची जपणूक आणि रुग्णाचा धीर

(व्याख्यानाचा मजकूर)



उज्जैन नगरीच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. काळभैरवाचे मंदिर आणि सिद्धवट यांमुळे ती यात्रेकरूंना ठाऊक आहे, आणि मेणाच्या छपाईमुळे कापडाच्या व्यापाऱ्यांना. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी उमटवायची, कापड रंगात बुडवायचे आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवायचे, हा येथील कारागिरांचा पिढीजात उद्योग. शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैनच्या परिसरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. समजा, त्यांपैकी एक गृहस्थ भैरवगढात एका छपाईच्या कारखान्याचा हिशेब सांभाळतो. एका कानाने त्याला हळूहळू कमी ऐकू येऊ लागले, कानात सतत गुणगुण सुरू झाली, चालताना तोल जाऊ लागला. तपासणीत कानाच्या मज्जातंतूवर गाठ आढळली. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला आणि दात दाखवायला सांगितले. दोन्ही गोष्टी त्याला नीट जमल्या. आठवड्याने तो घरी परतला.

दहाव्या दिवशी सकाळी चूळ भरताना ओठाच्या एका कोपऱ्यातून पाणी निसटले. चहाचा घोट हनुवटीवर ओघळला. पत्नीने विचारले, “अहो, तुमचे तोंड असे एका बाजूला का ओढल्यासारखे दिसते?” संध्याकाळपर्यंत त्या बाजूचा डोळा मिटेनासा झाला.

हा गृहस्थ काल्पनिक आहे. परंतु त्याच्यावर आलेला प्रसंग अनेक खऱ्या रुग्णांवर येतो. शस्त्रक्रिया बिघडली, गाठ पुन्हा आली किंवा पक्षाघाताचा झटका आला, अशा समजुतीने घर हादरून जाते. वास्तविक वैद्यकशास्त्राला हा प्रकार चांगला परिचित आहे आणि बहुतेक रुग्णांत तो सुधारतो. मात्र तो सुधारेपर्यंतच्या काळात डोळा गमावण्याची भीती असते. आजच्या विवेचनाचा भर त्यामुळे दोन गोष्टींवर आहे : डोळा कसा राखावा आणि धीर कसा राखावा.

गाठ कोठे असते?

अकूस्टिक न्यूरोमा ही कर्करोगाची गाठ नव्हे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या, बहुधा त्यातील तोल सांभाळणाऱ्या शाखेच्या, वेष्टनपेशींपासून ती वाढते. ती सावकाश वाढते आणि शरीरात इतरत्र पसरत नाही. दर वर्षी लाखात साधारण एखाद्याच व्यक्तीत तिचे निदान होत असल्याने गावातील डॉक्टरास असा रुग्ण आयुष्यात एखाद्या वेळीच भेटतो. घरी परतलेल्या रुग्णास योग्य सल्ला न मिळण्याचे हे एक कारण होय.

चेहऱ्याचे स्नायू हलविणारा सातवा मज्जातंतू आणि हा आठवा मज्जातंतू मेंदूतून निघून एकमेकांना लगटून जातात आणि कानामागील हाडातील सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यात एकत्रच शिरतात. गाठ वाढते ती याच जागी. वाढता वाढता ती सातव्या मज्जातंतूला ताणून फितीसारखा चपटा करते. त्या तंतूस धक्का न लावता गाठ सोडवून काढणे हे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याची परीक्षा पाहणारे काम आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात पाहिला तर आजच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. एडिंबरो येथे थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८९५ साली अशी गाठ काढली आणि रुग्ण वाचली. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी या शस्त्रक्रियेतून वाचणारे थोडेच असत. अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला आणि मृत्यूचे प्रमाण खाली आणण्याचा मार्ग दाखविला. १९६० नंतरच्या दशकात विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली आणि चेहऱ्याचा मज्जातंतू वाचविणे शक्य होऊ लागले. भारतात वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली मेंदू-शल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला; मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती, तर मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी या शास्त्राचा पाया घातला. आज शस्त्रक्रिया चालू असतानाच विद्युत्‌-यंत्राने चेहऱ्याच्या मज्जातंतूवर लक्ष ठेवता येते. पूर्वी प्रश्न जीव वाचविण्याचा होता. आता जीव बहुधा वाचतोच, आणि चेहरा वाचविण्याचा प्रश्न पुढे आला आहे.

उशिरा येणारी दुर्बलता

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येतानाच चेहरा लुळा असेल तर त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या वेळी तंतूला बसलेला ताण किंवा इजा हे असते. आजचा विषय त्याहून निराळा आहे. आरंभी चेहरा ठीक किंवा जवळजवळ ठीक असतो, आणि काही दिवसांनी तो दुबळा होतो. पुष्कळ तज्ज्ञ तीन दिवसांनंतर आलेल्या दुर्बलतेला ‘उशिराची’ म्हणतात. ती बहुधा पहिल्या एक ते दोन आठवड्यांत, क्वचित त्याहूनही नंतर उद्भवते. निरनिराळ्या रुग्णालयांच्या अहवालांत तिचे प्रमाण शंभरात दोन-चारांपासून तिसांच्या आसपासपर्यंत आढळते. व्याख्या आणि मोजण्याच्या रीती वेगवेगळ्या असल्यामुळे आकड्यांत एवढी तफावत पडते.

याची कारणे दोन मानली जातात. पहिले कारण सूज. चेहऱ्याचा मज्जातंतू कवटीच्या हाडातील ज्या वेड्यावाकड्या नळीतून जातो, तिचा सर्वांत अरुंद भाग एक मिलिमीटरहूनही कमी रुंद असतो. हाताळलेल्या तंतूला नंतर सूज आली, तर हाडाची नळी पसरत नाही. तंतूच आवळला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो. अंगठी घातलेले बोट सुजले की काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्यास हे सहज समजेल. दुसरे कारण विषाणू. ओठांवर जर उठविणारा नागीण-वर्गातील विषाणू अनेकांच्या शरीरात, या तंतूच्या गाठीत, वर्षानुवर्षे निद्रिस्त असतो. शस्त्रक्रियेच्या ताणाने तो जागा होऊन तंतूस दाह उत्पन्न करतो, असे मानण्यास आधार आहे.

या दोन्ही कारणांत तंतू तुटलेला नसतो. म्हणूनच भविष्य आशादायक असते. बहुतेक अहवालांनुसार दहांपैकी आठ किंवा त्याहून अधिक रुग्णांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत पूर्ववत्‌ किंवा जवळजवळ पूर्ववत्‌ होतो.

पहिल्या दिवशी काय करावे?

लक्षण दिसताच त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. “पुढच्या तपासणीला सांगू” असे म्हणून दिवस घालवू नयेत. डॉक्टर बहुधा सूज उतरविणारी स्टिरॉइड औषधे काही दिवसांसाठी देतात. काही जण विषाणुविरोधी औषधही जोडतात, जरी त्याच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो. मधुमेह, रक्तदाब किंवा जठरव्रण असल्यास ते आवर्जून सांगावे. ही औषधे औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आणि चालू असलेली एकाएकी बंद करू नयेत.

चेहऱ्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली, ताप व मान आखडणे ही लक्षणे दिसली, किंवा खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा स्राव गळू लागला, तर प्रकार वेगळा आणि तातडीचा आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील पक्षाघातात सामान्यतः कपाळाला आठ्या घालता येतात. मज्जातंतूच्या दुर्बलतेत त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. घरच्या माणसांनी हा फरक जाणून घ्यावा, पण निदान मात्र डॉक्टरांवरच सोपवावे.

डोळा : सर्वांत मोठी जबाबदारी

वाकडे झालेले तोंड लोकांच्या डोळ्यांत भरते. खरा धोका मात्र न मिटणाऱ्या डोळ्यास असतो. पापणी दर काही क्षणांनी मिटून बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरविते. ती मिटेनाशी झाली की बुबुळ कोरडे पडते, त्यावर ओरखडे येतात, जखम चिघळते आणि कायमचे फूल पडू शकते. त्यातच चेहऱ्याच्या तंतूबरोबर जाणारे अश्रू निर्माण करणारे तंतूही दुबळे झालेले असतात. गाठ मोठी असेल तर चेहऱ्याला स्पर्शज्ञान देणारा पाचवा मज्जातंतूही बधिर झालेला असतो. मग डोळ्यात कण गेला तरी खुपत नाही, जखम झाली तरी दुखत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज येथे फार घातक ठरतो.

यासाठी पुढील काळजी घ्यावी. दिवसा डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब ठरल्या वेळी घालावेत. डोळा ठीक वाटतो म्हणून चुकवू नयेत. रात्री निजण्यापूर्वी डोळ्यात मलम घालावे, बोटाने पापणी हळूच पूर्ण मिटवावी आणि मगच ती कागदी चिकटपट्टीने बंद ठेवावी. पट्टीखाली डोळा अर्धवट उघडा राहिला तर तीच पट्टी बुबुळावर घासते; म्हणून पहिल्या काही रात्री घरातील दुसऱ्या माणसाने तपासून पाहावे. उघड्या डोळ्यावर कापसाची घडी दाबून बांधू नये. बाहेर पडताना कडेने झाकणारा चष्मा लावावा, आणि दुचाकीवर मागे बसल्यास शिरस्त्राणाची काच खाली ओढावी. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये.

रोज सकाळी उजेडात डोळा पाहण्याची सवय लावून घ्यावी. लाली, अंधुकपणा, उजेड न सोसणे, चिकट स्राव किंवा बुबुळावर पांढरट ठिपका यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

भैरवगढच्या गृहस्थाचा विचार येथे पुन्हा करावा लागतो. ज्या कारखान्यात तो हिशेबाला बसतो, तेथे मेणाच्या कढईचा धूर असतो, रंगांची भुकटी असते, मेण उतरविण्याच्या हौदातून वाफा उठत असतात. उन्हाळ्यात माळव्याचा कोरडा वारा आणि सणावारी अबीर-गुलाल असतो. धडधाकट डोळा हे सारे पापणी मिटून निभावतो. न मिटणाऱ्या डोळ्यास ते शक्य नसते. म्हणून डोळा मिटू लागेपर्यंत त्याने कामावर जाऊ नये, किंवा मालकाने त्याची बैठक कढईपासून दूर, बंद खोलीत द्यावी. यात मालकाचे फारसे नुकसान नाही, आणि नोकराचा डोळा वाचतो.

खाणे, बोलणे आणि तोंडाची निगा

गालाचा स्नायू ढिला पडल्याने घास गाल आणि दात यांच्यामध्ये अडकून राहतो. लहान घास घ्यावेत, चांगल्या बाजूने चावावे, आणि प्रत्येक जेवणानंतर बोटाने गाल साफ करून चूळ भरावी. न केल्यास दात किडतात आणि तोंड येते. पातळ पदार्थ पिताना ओठाचा कोपरा बोटाने आधारून धरावा. वरण-भात, खिचडी, लापशी असे मऊ अन्न काही दिवस सोयीचे पडते. जिभेच्या पुढच्या भागाची चव बदलणे हाही याच विकाराचा भाग आहे. मात्र गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर इतर मज्जातंतूही दुबळे झाले असण्याचा संभव असतो. ते डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

व्यायाम आणि लोकोपचार

चेहरा पूर्ण लुळा असताना त्याच्याकडून जबरदस्तीने काम करवून घेता येत नाही. या काळात बोटांनी गालाला हलका मसाज आणि विश्रांती एवढे पुरे असते. हालचाल परतू लागली की आरशासमोर बसून लहान, सावकाश आणि दोन्ही बाजूंनी सारख्या हालचाली कराव्यात. हे थोडा वेळ आणि दिवसातून दोन-तीनदा, शक्यतो प्रशिक्षित भौतिकोपचार-तज्ज्ञाकडून शिकून करावे. फुगे फुगविण्याचा सल्ला अनेकांकडून मिळतो. तो ऐकू नये. जोराच्या हालचालींनी चांगली बाजूच अधिक ओढली जाते, आणि कवटीची जखम ताजी असताना जोर लावणे अन्यथाही अनिष्ट आहे. विजेचे झटके देणाऱ्या यंत्रांच्या उपयोगास भक्कम पुरावा नाही. शल्यचिकित्सकास विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत.

आयुर्वेदात तोंड वाकडे होण्याच्या विकाराला अर्दित म्हटले आहे आणि त्यावर नस्यादी उपचार सांगितले आहेत. परंतु कवटीच्या तळाशी नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या नाकात तेल घालणे धोक्याचे ठरू शकते. तसेच माळव्यात लकवा झाला की नीमच जिल्ह्यातील भादवा मातेच्या दर्शनास जाऊन तेथील बावडीच्या पाण्याने स्नान करण्याची श्रद्धा दृढ आहे. श्रद्धेने मनाला बळ येते, ते कोणी नाकारू नये. दर्शन अवश्य घ्यावे. परंतु जखम भरेपर्यंत बावडीचे स्नान टाळावे, आणि प्रवासातही थेंब, मलम व गोळ्यांची वेळ चुकवू नये. जखम भरल्यावर त्या स्नानाला कोणाची हरकत असणार नाही.

सुधारणा कशी येते?

चेहऱ्याच्या दुर्बलतेचे मोजमाप करण्यासाठी हाउस आणि ब्रॅकमन यांची १९८५ साली प्रसिद्ध झालेली सहा पायऱ्यांची पद्धत जगभर वापरली जाते. पहिली पायरी म्हणजे निरोगी चेहरा आणि सहावी म्हणजे पूर्ण लुळेपण. रुग्णाने दर आठवड्यास एकाच जागी, एकाच उजेडात छायाचित्र काढून ठेवले तर सुधारणा नेमकी दिसते. रोज आरशात पाहणाऱ्यास ती दिसत नाही, आणि तो व्यर्थ खचतो.

तंतूला केवळ आवळल्यामुळे ग्लानी आली असेल तर हालचाल काही आठवड्यांत परतते. तंतूचे धागे झिजले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने नव्याने वाढतात. म्हणून काही महिने लागतात. नव्याने वाढताना काही धागे चुकीच्या स्नायूकडे जातात. मग हसताना डोळा मिटतो, किंवा जेवताना डोळ्यातून पाणी येते. यावर चेहऱ्याच्या विशेष व्यायामांनी आणि गरज पडल्यास बोटुलिनम औषधाच्या लहान सुयांनी आराम पडतो. डोळा दीर्घकाळ मिटत नसेल तर वरच्या पापणीत सोन्याचे लहान वजन बसविता येते किंवा पापण्यांचे कोपरे तात्पुरते शिवता येतात. वर्षभरात हालचालीचे चिन्हच न दिसल्यास जिभेच्या मज्जातंतूचा भाग चेहऱ्याच्या मज्जातंतूस जोडण्याची शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे. उशिरा आलेल्या दुर्बलतेत ही वेळ क्वचितच येते.

मनाचा भाग

रुग्ण शस्त्रक्रियेच्या भीतीतून नुकताच सावरलेला असतो. एका कानाने ऐकू येणे बहुधा कमी झालेले किंवा गेलेले असते. त्यात हसू वाकडे झाले की तो माणसांत जाणे टाळू लागतो. लग्नकार्यात मागे बसतो, फोटोसाठी उभा राहत नाही. पाहुणे सहानुभूतीने विचारतात तेही त्याला टोचते. अशा वेळी घरच्यांनी त्याच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसून, तोंडाकडे टक लावून न पाहता, नेहमीसारखे बोलावे. “लवकर बरा होशील” असे दर तासाला सांगण्यापेक्षा डोळ्यात थेंब घालण्याची वेळ लक्षात ठेवणे हे अधिक मोठे प्रेम आहे. अमेरिकेतील चित्रपट-अभिनेते मार्क रफालो यांच्यावर २००१ साली अशाच गाठीची शस्त्रक्रिया झाली. ज्याचा चेहरा हेच उपजीविकेचे साधन, त्याच्या चेहऱ्याची एक बाजू काही महिने लुळी होती. ती सुधारली, एका कानाचे बहिरेपण मात्र राहिले, आणि ते पुन्हा अभिनयाकडे वळून नावारूपास आले. आजही असा रुग्ण एकटा पडत नाही, हे त्यास उदाहरणाने सांगता येते.

आधी सांगितलेले संकट

अखेरचा मुद्दा रुग्णालयांसाठी आणि आरोग्य-सेवकांसाठी आहे. भैरवगढच्या त्या काल्पनिक घरात दहाव्या दिवशी जो हाहाकार उडाला, त्याचे मूळ रोगात कमी आणि अज्ञानात अधिक होते. “पंधरा-वीस दिवसांत तोंड वाकडे झाल्यासारखे वाटले तर घाबरू नका, परंतु त्याच दिवशी कळवा” एवढे एक वाक्य घरी सोडताना सांगितले गेले असते, तर तीच घटना अपेक्षित म्हणून स्वीकारली गेली असती. संकट आधी सांगितले की ते निम्मे हलके होते.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णास घरी पाठविताना त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत चार ओळींची चिठ्ठी द्यावी : लक्षण कोणते, कळवायचे कोणाला आणि कोणत्या दूरध्वनीवर, डोळा मिटत नसल्यास थेंब, मलम व पट्टी कशी वापरायची, आणि कोणती चिन्हे दिसल्यास क्षणही न घालविता रुग्णालयात यायचे. गावच्या डॉक्टरासाठी तिची एक प्रत जोडावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांना डोळ्याला पट्टी लावण्याची रीत दाखवून ठेवावी. ती शिकण्यास पाव तासही लागत नाही. मोठ्या शहरातील कुशल हातांनी वाचविलेला चेहरा आणि डोळा खेड्यातील घरापर्यंत सुखरूप पोहोचविण्याचे काम या चार ओळींच्या चिठ्ठीने होऊ शकते.